रेंडरिंगचा वेग जीपीयूवर कसा मोजावा: तयारी, टप्पे आणि वारंवार होणाऱ्या चुका

नव्या रेंडरिंग (त्रिमितीय दृश्यापासून चित्र काढण्याच्या) अल्गोरिदमवरचा एखादा शोधनिबंधाचा मसुदा उघडला, की शेवटच्या पानावर बहुधा तेच तक्ते दिसतात. जुनी पद्धत इतके एफपीएस (सेकंदाला फ्रेम), आमची पद्धत इतके एफपीएस, म्हणून आमची १.८ पट वेगवान. सीन एकच, कॅमेरा एकाच जागी. जीपीयूचे (ग्राफिक्स प्रोसेसरचे) क्लॉक, म्हणजे चिप ज्या गतीने चालते ती वारंवारता, स्थिर होते का, दोन्ही चित्रांचा दर्जा सारखा होता का, वेळ सीपीयूच्या घड्याळाने घेतला की जीपीयूच्या, यातले काहीच लिहिलेले नसते. त्या १.८ मध्ये अल्गोरिदमचा वाटा किती आणि तापमानाचा किती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बहुतेक चुका प्रत्यक्ष मोजताना होत नाहीत, त्याच्या आधी होतात. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. चौथा टप्पा सोडून सहावा केला, तर सहाव्यात आलेल्या आकड्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवणार?

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘माझी पद्धत वेगवान आहे का?’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘चित्रातली चूक समान ठेवली, तर अप्रत्यक्ष प्रकाशाच्या पासला माझ्या पद्धतीने किती मिलिसेकंद कमी लागतात?’ हा मोजता येतो. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कोणता पास (फ्रेम काढण्यातली एक फेरी), कोणते एकक आणि काय स्थिर धरले आहे.

एकक म्हणून मिलिसेकंद घ्या, एफपीएस नको. ९०० एफपीएसवरून ४५० वर आलात, तर फ्रेममागे १.११ मिलिसेकंद वाढले. ६० वरून ५६.२५ वर आलात, तरी वाढ १.११ मिलिसेकंदांचीच. एकीकडे वेग निम्मा झाल्यासारखा वाटतो, दुसरीकडे काही बिघडलेच नाही असे वाटते, आणि काम मात्र दोन्हीकडे तेवढेच वाढलेले असते. एफपीएसची बेरीज-वजाबाकी होत नाही आणि साधी सरासरीही फसवते.

तपासा: लिहिलेले वाक्य या विषयात नसलेल्या सहकाऱ्याला वाचून दाखवा. ‘काय स्थिर धरलंय?’ असे त्याला विचारावे लागले, तर वाक्य अजून अर्धे आहे.

## टप्पा २: चित्र बरोबर आहे हे आधी सिद्ध करा

चुकीचे चित्र काढणारा कोड बहुतेक वेळा वेगवानच असतो. एखादा किरण लवकर थांबतो, एखादा प्रकाशस्रोत गणनेतून सुटतो आणि वेळ वाचतो. म्हणून वेळेला हात लावण्याआधी अचूकता.

संदर्भचित्र (तुलनेसाठीचे, शक्य तितके अचूक चित्र) शक्यतो वेगळ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या पाथ ट्रेसरने, म्हणजे प्रकाशाचे मार्ग यादृच्छिकपणे शोधणाऱ्या प्रोग्रामने, काढा. स्वतःच्याच रेंडररने काढलेत, तर त्यातला दोष दोन्ही चित्रांत सारखाच येतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. संदर्भचित्राला सॅम्पल (पिक्सेलमागे तपासलेले यादृच्छिक मार्ग) किती द्यायचे, याचा हिशोब सोपा आहे. त्याची स्वतःची चूक तुमच्या मोजमापात मिसळतेच. दोन्ही चित्रांतला नॉइज (यादृच्छिकपणामुळे दिसणारा दाणेदारपणा) साधारण सारख्या जातीचा असेल, तर चाचणीच्या चित्राच्या १०० पट सॅम्पल दिल्यावर वर्ग-सरासरी चुकीत सुमारे १ टक्क्याची भर पडते, आणि ती चालण्यासारखी असते. दोन्ही चित्रांचे रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) मात्र वेगळे ठेवा. सीड एकच असेल तर दोन्ही नॉइज एकमेकांशी जुळतात आणि चूक आहे त्यापेक्षा कमी दिसते.

यानंतरच्या दोन चाचण्या मी कधीच चुकवत नाही.

पहिली पांढऱ्या भट्टीची. सगळीकडून सारखाच, १ इतका प्रकाश येणाऱ्या वातावरणात १०० टक्के परावर्तन करणारी वस्तू ठेवा. मटेरियलचा कोड बरोबर असेल तर वस्तू पार्श्वभूमीत विरून जाते. कडा काळपट दिसली तर ऊर्जा कुठेतरी गळते आहे, उजळ दिसली तर कुठेतरी दोनदा मोजली जाते आहे.

दुसरी आलेखाची. सॅम्पल दुप्पट करत न्या आणि प्रत्येक वेळी आरएमएसई (वर्ग-सरासरी चुकीचे वर्गमूळ) नोंदवा. दोन्ही अक्ष लॉग ठेवले तर मॉन्टे कार्लो (यादृच्छिक सॅम्पलवर चालणाऱ्या) पद्धतीची रेषा उणे अर्धा उताराने खाली जायला हवी, म्हणजे चूक निम्मी करायला चौपट सॅम्पल. रेषा मध्येच आडवी झाली, तर एक तर पद्धतीत पूर्वग्रह (सॅम्पल वाढवूनही न जाणारी, एकाच बाजूची चूक) आहे किंवा संदर्भचित्रच पुरेसे स्वच्छ नाही. यातले नेमके काय, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सावधान: चूक टोन मॅपिंगच्या (उजेडाच्या किमती पडद्याच्या मर्यादेत बसवण्याच्या) आधीच्या, रेषीय किमतींवर मोजा. टोन मॅपिंगनंतर अतिउजळ पिक्सेल कापले जातात आणि एकटेदुकटे भडक ठिपके हिशोबातून गायब होतात. डोळ्यांना काय दिसते हाच प्रश्न असेल तर फ्लिपसारखे दृश्य-मापक जोडीला घ्या. ते आरएमएसईची जागा घेत नाही.

## टप्पा ३: प्रतिस्पर्धी पद्धतीला न्याय द्या

स्वतःच्या पद्धतीवर चार महिने घासूनपुसून काम करायचे आणि जुनी पद्धत दोन दिवसांत लिहून तिच्याशी तुलना करायची, हे सर्रास होते. हेतू वाईट नसतो, पण निकाल वाईट लागतो. जुन्या पद्धतीलाही तीच बीव्हीएच (किरण कुठे आदळतो ते लवकर शोधण्यासाठी भूमिती झाडासारखी मांडणारी रचना), तोच टेक्स्चरचा (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राचा) फॉरमॅट, तेच कंपायलर पर्याय मिळायला हवेत. तिची प्राचले तुमच्या सीनवर आणि तुमच्याच जीपीयूवर नव्याने शोधा, कारण मूळ लेखातली प्राचले त्या काळच्या हार्डवेअरसाठी निवडलेली असतात.

तुलना दोनच प्रकारे होऊ शकते: समान वेळेत चूक किती, किंवा समान चुकीला वेळ किती. ‘समान सॅम्पलला चूक कमी’ हा निष्कर्ष एकटा निरुपयोगी असतो. एका सॅम्पलमागे दुप्पट वेळ घेऊन तुमच्या पद्धतीने आरएमएसई ३० टक्क्यांनी कमी केली, असे समजू. आता जुन्या पद्धतीला तोच दुप्पट वेळ द्या. तिचे सॅम्पल दुप्पट होतील आणि आरएमएसई १.४१ ने भागली जाईल, म्हणजे सुमारे २९ टक्क्यांनी उतरेल. हाती काय लागले? जवळजवळ काहीच नाही. म्हणून १ भागिले (व्हेरियन्स, म्हणजे नॉइजची वर्ग-सरासरी चूक, गुणिले वेळ) ही कार्यक्षमता काढा, दोन्ही पद्धती एका मापात येतात.

## टप्पा ४: सीन आणि कॅमेरा

कॉर्नेल बॉक्स आणि स्टॅनफर्डचा ससा हे प्रसिद्ध चाचणी-सीन चूक शोधायला उत्तम आहेत, वेग दाखवायला नाहीत. सशात ६९,४५१ त्रिकोण आहेत. आजच्या जीपीयूच्या कॅशला (चिपवरच्या लहान, जलद मेमरीला) एवढ्याशा भूमितीचा ताण फारसा जाणवत नाही. किमान तीन स्वभावांचे सीन घ्या: स्पॉन्झासारखे बंदिस्त वास्तुरूप, पानाफांद्यांनी आणि बारीक भूमितीने भरलेले सॅन मिगेल, आणि शेकडो दिवे असलेला एखादा. सॅन मिगेलमधल्या पानांचे अल्फा टेक्स्चर (कोणता भाग पारदर्शक ते सांगणारे) रे ट्रेसिंगला (किरण सोडून चित्र काढण्याला) ज्या तऱ्हेने छळते, ते सपाट भिंतींच्या सीनमध्ये कधीच कळत नाही.

तुमची पद्धत जिथे हरेल असे तुम्हालाच वाटते, असाही एक सीन निवडा आणि त्याचा निकाल लेखात ठेवा. वाचकाला तिथूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळते.

कॅमेऱ्याचा मार्ग फाइलमध्ये जतन करा आणि फ्रेम क्रमांकानुसार चालवा, घड्याळानुसार नको. घड्याळावर चालवला तर हळू पद्धतीला वेगळ्याच फ्रेम मिळतात आणि दोघींचे काम सारखे राहत नाही.

तपासा: हलता सीन असेल तर बीव्हीएच बांधण्याचा किंवा रिफिट करण्याचा (आहे तीच हललेल्या भूमितीला जुळवण्याचा) वेळ हिशोबात धरला आहे का? किरणांचा वेग सांगून बांधणीचा वेळ बाजूला ठेवला, तर अर्धाच खर्च सांगितला असे होते.

## टप्पा ५: मोजण्याआधी कागदावर आकडा काढा

या टप्प्याला दहा मिनिटे लागतात, आणि बहुतेक जण तो टाळतात. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही, कारण पुढे आलेला आकडा खरा की खोटा हे ओळखायला हाताशी दुसरे काहीच नसते.

उदाहरण घेऊ. ३८४० × २१६० च्या चित्रावर एक पूर्ण-पडदा पास आहे, जो प्रत्येक पिक्सेल एकदा वाचतो आणि एकदा लिहितो. पिक्सेल ८२,९४,४००. चार चॅनेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे पिक्सेलमागे ८ बाइट. वाचन सुमारे ६६ मेगाबाइट, लेखन तेवढेच, एकूण सुमारे १३३. मेमरीची बँडविड्थ (डेटा ये-जा करण्याचा वेग) सेकंदाला ५०० गिगाबाइट धरली, तर या पासला किमान ०.२६५ मिलिसेकंद लागायला हवेत.

आता प्रत्यक्ष मोजणी ०.३ आली, तर पास मेमरीच्या मर्यादेला टेकला आहे. गणिताच्या सूचना कमी करून वेग वाढणार नाही, त्यापेक्षा फॉरमॅट आखूड करा किंवा दोन पास एकत्र करा. १.२ आली, तर अडचण मेमरीच्या बँडविड्थमध्ये नाही आणि शोधण्यासारखे काहीतरी आहे. ०.०३ आली, तर आनंद मानू नका. एक तर डेटा मोठ्या कॅशमध्ये मावतो आहे किंवा दाबून साठवला जातो आहे, नाहीतर तुम्ही भलतेच काहीतरी मोजले आहे. यातले तिसरे कारण सगळ्यात जास्त वेळा निघते.

रे ट्रेसिंगसाठी अशी मर्यादा काढणे अवघड असते, पण प्रयत्न फळाला येतो. २००९ च्या हाय-परफॉर्मन्स ग्राफिक्स परिषदेत टिमो आयला आणि सामुली लाइने यांनी नेमके हेच केले. दिलेला कर्नल (जीपीयूवर चालणारा प्रोग्राम) जास्तीत जास्त किती वेगाने चालू शकेल हे सांगणारा सिम्युलेटर त्यांनी लिहिला आणि प्रत्यक्ष मोजणी त्याच्या शेजारी ठेवली. तेव्हाच्या पद्धती त्या मर्यादेपेक्षा १.५ ते २.५ पट हळू निघाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या फरकाचे मुख्य कारण मेमरीची बँडविड्थ नव्हते, हार्डवेअरमधली कामाची वाटणी होती. वरची मर्यादा ठाऊक नसती, तर ही गोष्ट केवळ मोजणीतून हाती लागली नसती.

## टप्पा ६: यंत्र स्थिर करा

जीपीयू आपले क्लॉक तापमान आणि वीजवापर पाहून सतत बदलतो. गार कार्डावर पहिली चाललेली पद्धत जिंकते. मी एकदा जवळपास दोन आठवडे एका सुधारणेच्या मागे होतो. चाचणीचा क्रम उलटा केला आणि सुधारणाही उलटी झाली. स्क्रिप्टमध्ये नवी पद्धत नेहमी आधी चालत होती, एवढेच कारण होते.

१. क्लॉक बांधून ठेवा. एनव्हिडियाच्या कार्डांवर एनव्हिडिया-एसएमआय या आज्ञेतून जीपीयू क्लॉक लॉक करता येते. डायरेक्टएक्स १२ मध्ये स्थिर वीज-अवस्था मागणारे फंक्शन आहे, त्यासाठी विंडोजचा डेव्हलपर मोड चालू हवा. बांधलेला क्लॉक बूस्टपेक्षा (कार्ड स्वतःहून गाठते त्या वरच्या क्लॉकपेक्षा) कमी असतो, त्यामुळे आकडे मोठे दिसतील. दिसू द्या. तुलना खरी होते आणि आपल्याला तीच हवी आहे.

२. व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या तालाशी जुळवणारी सोय) बंद करा. तो चालू असेल तर ९ आणि १६ मिलिसेकंदांच्या फ्रेम ६० हर्ट्झच्या पडद्यावर सारख्याच, १६.६७ च्या दिसतात.

३. व्हॅलिडेशन लेयर (आज्ञांतल्या चुका तपासणारा थर), डीबग बिल्ड (दोष शोधण्यासाठीचे हळू बिल्ड), पडद्यावरचे आच्छादन आणि मागे उघडा राहिलेला ब्राउझर, सगळे बंद.

४. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा. सीपीयू आणि जीपीयू एकाच वीजमर्यादेत असतील, तर सीपीयूवरचा भारही दोन्ही चाचण्यांत सारखा ठेवा.

ड्रायव्हरची आवृत्ती आत्ताच लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

## टप्पा ७: घड्याळ योग्य जागी लावा

सीपीयू जीपीयूला फक्त आज्ञांची यादी देतो आणि पुढे निघून जातो. त्यामुळे ड्रॉ कॉलच्या (चित्र काढायला सांगणाऱ्या आज्ञेच्या) आधी आणि नंतर सीपीयूचे घड्याळ वाचले, तर यादी सोपवायला लागलेला वेळ मिळतो. तो काही मायक्रोसेकंद असतो आणि त्याचा रेंडरिंगशी संबंध नसतो. ही चूक इतकी जुनी आहे, तरी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून होतेच.

टाइमस्टॅम्प क्वेरी (जीपीयूच्याच घड्याळाची नोंद मागणारी आज्ञा) वापरा. व्हल्कन, डायरेक्टएक्स १२ आणि ओपनजीएल या तिन्ही ग्राफिक्स इंटरफेसांत ती सोय आहे, एनव्हिडियाच्या कूडामध्ये त्यासाठी इव्हेंट आहेत. बारकावे पुढीलप्रमाणे.

व्हल्कनमध्ये मिळणारी संख्या नॅनोसेकंदांत नसते, टिकांमध्ये असते. एका टिकला किती नॅनोसेकंद, हे उपकरणाच्या टाइमस्टॅम्प-पिरियड या मर्यादेत दिलेले असते. काही कार्डांवर ते १ आहे, काहींवर १०. गुणाकार विसरलात तर एका यंत्रावर सगळे बरोबर चालते आणि दुसऱ्यावर अचानक दहापट सुधारणा दिसते. शिवाय ६४ पैकी सगळे बिट वैध असतीलच असे नाही, त्यामुळे वैध बिटांपुरताच भाग घेऊन वजाबाकी करा.

निकाल त्याच फ्रेममध्ये वाट पाहून वाचू नका. वाट पाहण्यानेच जीपीयूची साखळी तुटते. दोन-तीन फ्रेम मागचे निकाल वाचा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ती गोष्ट. दोन पासांमध्ये बॅरियर (आधीचे काम संपेपर्यंत थांबवणारी आज्ञा) नसेल, तर जीपीयू त्यांना एकमेकांवर चढवून चालवतो. पहिल्याचे शेवटचे वार्प (एकत्र चालणाऱ्या थ्रेडांचे गट) अजून चालू असताना दुसरा सुरू झालेला असतो. मग ‘पहिला पास ०.८, दुसरा ०.६’ यांची बेरीज एकूण वेळेशी जुळत नाही. जुळवण्यासाठी मध्ये बॅरियर घातले तर पास वेगळे होतात खरे, पण एकूण वेळ वाढतो. दोन्ही मोजा: बॅरियर घालून प्रत्येक पास, आणि बॅरियर न घालता पूर्ण फ्रेम. निष्कर्ष पूर्ण फ्रेमवर काढा. तुमचा पास स्वतंत्रपणे ०.३ मिलिसेकंदांनी वेगवान झाला आणि पूर्ण फ्रेम जराही हलली नाही, असे अनेकदा घडते. आधी तो पास दुसऱ्या कामाच्या आडोशाला फुकट चाललेला असतो.

तपासा: मध्ये काहीही न ठेवता लागोपाठ दोन टाइमस्टॅम्प घ्या. जो फरक येतो ती तुमच्या मोजपट्टीची जाडी. त्याच्या दहापटीपेक्षा लहान कामाचा वेळ सांगू नका. ते काम अनेकदा चालवा आणि भागाकार करा.

## टप्पा ८: मोजा

पहिल्या काहीशे फ्रेम टाकून द्या. त्यात शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) संकलित होत असतात, टेक्स्चर मेमरीत येत असतात, क्लॉक वर चढत असतात. नंतर दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवा: अ, ब, ब, अ, पुन्हा अ, ब, ब, अ. सगळे अ आधी आणि सगळे ब नंतर असे कधीही नको.

खऱ्या मोजणीआधी एक ‘अ विरुद्ध अ’ फेरी करा. तोच कोड दोन नावांनी चालवा आणि फरक पाहा. तो २ टक्के आला, तर २ टक्क्यांची सुधारणा जाहीर करण्याचा हक्क तुमच्या व्यवस्थेला नाही.

निकालात मध्यक द्या, त्याच्या शेजारी ९९ वे शतमानक (९९ टक्के फ्रेम ज्याच्या आत संपतात तो वेळ) द्या. सरासरी एखाद्या अडखळलेल्या फ्रेमने ओढली जाते. परस्परसंवादी रेंडरिंगमध्ये मात्र ती अडखळलेली फ्रेमच पाहणाऱ्याला खुपते, म्हणून ती लपवायचीही नाही.

## टप्पा ९: कारण शोधा

वेग वाढला हे कळले. का वाढला? इथे एनसाइट ग्राफिक्स, रेडिऑन जीपीयू प्रोफायलर किंवा पिक्स हे प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातो ते दाखवणारे साधन, उघडा. रेंडरडॉक चित्रातली चूक शोधायला अप्रतिम आहे, पण कामगिरीचे निदान करायला यांपैकी एक घ्या.

शेडरमधल्या ओळी काढून वेळ बघण्याची सवय फसवी आहे. एक ओळ काढली आणि तिच्यासाठी आधी काढलेले निकाल दुसरीकडे कुठेच वापरले जात नसतील, तर कंपायलर तिच्यामागची सगळी साखळी काढून टाकतो. ‘टेक्स्चर वाचणे महाग आहे’ असा निष्कर्ष निघतो, आणि प्रत्यक्षात त्या वाचनासाठी केलेले सगळे गणितच उडालेले असते. ओळ काढण्याऐवजी टेक्स्चर १ × १ चे करून पाहा. सूचना तेवढ्याच राहतात, फक्त मेमरीचा भार जातो.

ऑक्युपन्सीच्या (एका वेळी किती वार्प मावतात याच्या टक्केवारीच्या) मागे आंधळेपणाने लागू नका. एनव्हिडियाच्या एका एसएममध्ये (जीपीयूतल्या एका गणन-एककात) ३२ बिटांचे ६५,५३६ रजिस्टर (सर्वांत जलद साठवणीचे कप्पे) असतात. थ्रेडमागे १२८ वापरले तर ५१२ थ्रेड, म्हणजे १६ वार्प मावतात. रजिस्टर जबरदस्तीने ६४ वर आणले तर वार्प दुप्पट मावतील, पण जे रजिस्टरमध्ये बसले नाही ते मेमरीत सांडेल आणि शेडर आणखी हळू होऊ शकेल. प्रत्येक बदलानंतर वेळ पाहा, टक्केवारी नव्हे.

किरणांबाबत एकच ‘सेकंदाला इतके दशलक्ष’ आकडा देऊ नका. कॅमेऱ्यातून निघालेले शेजारी किरण बीव्हीएचमध्ये जवळजवळ एकाच वाटेने जातात. पसरट परावर्तनाचे किरण दहा दिशांना फुटतात, वार्पमधले ३२ थ्रेड वेगवेगळ्या फांद्यांत अडकतात आणि सगळ्यांना सर्वांत लांबच्या किरणासाठी थांबावे लागते. आयला आणि लाइने यांनीही प्राथमिक (कॅमेऱ्यातून निघालेले), अँबियंट ऑक्लूजन (आसपासचा आडोसा तपासणारे) आणि परावर्तित किरण यांचे निकाल वेगळे दिले होते. तसेच करा.

## टप्पा १०: मांडणी

तक्त्यात किंवा त्याच्या खाली एवढे हवेच: जीपीयूचे पूर्ण नाव, बांधलेला क्लॉक, ड्रायव्हरची आवृत्ती, रिझोल्यूशन, पिक्सेलमागचे सॅम्पल, सीनमधले त्रिकोण, मध्यक आणि ९९ वे शतमानक मिलिसेकंदांत, चूक आणि तिचे माप, मेमरीचा वापर, पाचव्या टप्प्यातली कागदावरची मर्यादा आणि ‘अ विरुद्ध अ’ फेरीतला फरक. शेवटचे दोन आकडे प्रकाशित तक्त्यांत क्वचितच दिसतात, आणि परीक्षक म्हणून मी सगळ्यात आधी तेच शोधतो.

हरलेला सीन पुरवणीत ढकलू नका, जिंकलेल्या सीनच्याच तक्त्यात ठेवा. कॅमेऱ्याच्या मार्गाची फाइल, सीड आणि मोजणीची स्क्रिप्ट कोडबरोबर द्या. ती सोपवण्याआधी, तुमच्या मदतीशिवाय, दुसऱ्या कोणाला दुसऱ्या यंत्रावर चालवायला सांगा. एकाही प्रश्नाशिवाय त्यांच्याकडे तक्ता तयार झाला, तर मसुदा पाठवायला हरकत नाही.